विंडोज ९८, जिल्हा वाशिम

२५ जून १९९८ रोजी अमेरिकेत विंडोज ९८ विक्रीला आलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जुलै १९९८ रोजी, अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण आमच्या घराण्याची वंशावळ शोधताना मला या दोन्ही तारखा हाताशी धराव्या लागल्या, आणि एरवी कधी केला नसता असा एक उद्योग करावा लागला. त्याचीच ही हकिगत. नातेवाईक मंडळींनी मधले तांत्रिक परिच्छेद गाळले तरी हरकत नाही, शेवटाकडचं मात्र जरूर वाचावं.

(वाशिम जिल्हा तसा नवा नव्हेच. इंग्रजी अमदानीत 'बासीम' नावाचा जिल्हा होता. तो १९०५ साली मोडला, आणि त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा उभा राहिला. जुन्या गोष्टी पुन्हा चालू करता येतात, याला सरकारी आधारही आहे म्हणायचा! :-))

आमचं मूळ गाव मेडशी. अकोल्याहून निघालं की पातूरचा घाट ओलांडून मालेगावकडे जाताना लागतं. मालेगाव म्हणजे आमचं वाशिमचं, नाशिककडचं नव्हे. हा खुलासा विदर्भाबाहेर दर वेळी करावा लागतो. माझे थोरले काका शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाची आणि घराण्याची माहिती जमवायला घेतली. कुठल्या शेताला काय नाव, कुठली विहीर कोणी खणली, कोण कुठून दत्तक आला, कोणत्या दुष्काळात कोण गाव सोडून गेलं. हे सगळं वह्यांमध्ये होतं. त्याच सुमारास दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, मालेगावात पत्रिका आणि हँडबिलं करून द्यायचं छोटंसं डीटीपीचं दुकान टाकलं होतं. दिवसभर लग्नपत्रिका, आणि रात्री वीज असली तर काकांच्या वह्या, असं करत त्यानं ते पुस्तक संगणकावर लावलं. अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका छापून नातेवाइकांत वाटली गेली. मागे वंशावळ आहे. ज्यांच्याकडे ती प्रत आहे त्यांनी ते पान एकदा उघडून पाहा. सात पिढ्या आहेत आणि एकही मुलगी नाही. (म्हणजे मीही नाही. असो.)

यात नवल काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी अशाच असतात. मुलगी सासरी गेली की तिचं नाव दुसऱ्या झाडावर जातं अशी समजूत, आणि त्या दुसऱ्या झाडावरही ते नसतं. पण मागे काकूशी फोनवर बोलताना विषय निघाला तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "काऊन माय, पोरींचीबी नावं होती ना त्यात! मीच तर सांगतली होती बसून समदी. कोणती कोठी देली, समदं." काका हयात नाहीत. वह्यांना वाळवी लागली. काकू आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, आणि तेव्हा तिनं एका दमात सांगितलेली नावं आता तिला सुचत नाहीत, गावं तेवढी आठवतात. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "होती खरी. फर्मा वाढत होता म्हणून काढली. पण खोडली नोयती."

छपाईचा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. अठ्ठेचाळीस पानं म्हणजे बरोबर तीन फर्मे. एकोणपन्नासावं पान काढायचं तर चौथ्या फर्म्याचा खर्च. मुलींची नावं घेतली की वंशावळ एका पानात मावेना, म्हणून ती गेली. एवढंच कारण. कुणी दुष्टपणा केला नव्हता. कागद कमी पडला की पहिल्यांदा काय कमी करायचं हे मात्र कुणाला विचारावंही लागलं नव्हतं.

आता 'काढली पण खोडली नव्हती' या वाक्याचा अर्थ. पुस्तक पेजमेकर नावाच्या आज्ञावलीत लावलं होतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यातलं डीटीपी म्हणजे पेजमेकर. मूळ आल्डस कंपनीचं, १९९४ पासून अडोबीचं. त्यातली ६.५ ही आवृत्ती आपल्याकडे गावोगाव पोचली. २००१ साली ७.० आली आणि तिथंच ते संपलं. पेजमेकरच्या पडद्यावर मध्ये पान दिसायचं आणि पानाच्या चहूबाजूंना रिकामी जागा. या जागेला पेस्टबोर्ड म्हणत. पानावर नको असलेला मजकूर उचलून तिथं ठेवून द्यायचा. तो छापला जात नाही, पण संचिकेत राहतो, आणि कुठलंही पान उघडलं तरी बाजूला दिसत राहतो. सुताराच्या बाकाखाली जशा उरलेल्या फळ्या असतात तसं. दादानं बहिणींना आणि आत्यांना उचलून बाजूला ठेवलं होतं.

म्हणजे छापील प्रत स्कॅन करून उपयोग नव्हता. त्या काळातली पीडीएफ मिळाली असती तरी नव्हता, कारण छापायला पाठवलं की पेस्टबोर्ड गळून पडतो. ती संचिका पेजमेकरमध्येच उघडायला हवी होती. अडोबीचं नवं इनडिझाईन जुन्या पेजमेकरच्या संचिका सीएस ६ या आवृत्तीपर्यंत उघडायचं, पुढच्या आवृत्त्यांनी ती सोयही काढून टाकली. आणि कशीबशी उघडली तरी तिच्यातला मराठी टंक आजच्या संगणकावर नाही.

इथं थोडं मागे जायला हवं.

संगणकावर मराठी आणण्याचं काम आपल्याकडे बऱ्याच लवकर सुरू झालं होतं. आयआयटी कानपूरला सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून देवनागरीवर काम चालू होतं आणि १९८३ साली तिथला देवनागरी संगणक दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवला गेला. तिथले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि 'जिस्ट' कार्ड हा प्रकार देशभर गेला. साध्या पीसीत हे कार्ड खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. अक्षरं साठवायची कशी याचं 'इस्की' हे भारतीय मानकही तयार झालं, १९९१ साली ते आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या मसुद्यावर बेतलेली होती. म्हणजे पाया चांगला आणि वेळेवर घातला गेला होता.

घोळ झाला तो विंडोज आल्यावर. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी मुळातून कळत नव्हती. तेव्हा मराठी टंक बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी टंकात जिथं अक्षरं आणि चिन्हं असतात त्या दोनशेछप्पन्न खणांत देवनागरीचे तुकडे भरले. एका खणात अर्धा 'ण', एकात काना, एकात रफार, एकात पहिली वेलांटी. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय, पडद्यावर दिसायचं मराठी. युक्ती झकास होती, फक्त प्रत्येक कंपनीनं खण आपापल्या मनानं भरले. त्यामुळे एका टंकातलं पत्र दुसऱ्या टंकात नेलं की रामाचा गोविंदा व्हायचा, आणि टंक नसलेल्या संगणकावर नेलं की टोप्या घातलेले इंग्रजी स्वर आणि पौंडाची चिन्हं दिसायची. विरोपातून आलेली अशी पत्रं त्या काळात आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

युनिकोड देवनागरी कळणारं पहिलं विंडोज म्हणजे विंडोज २०००. त्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. २००० सालानंतर चित्र हळूहळू बदललं. पण काकांचं पुस्तक त्याच्या तोंडावरचं. रूळ बदलायच्या आधी शेवटची गाडी सुटावी तसं. (पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला ते आमच्याकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. डबे धडधाकट असले तरी रूळ गेले की ते जागीच उभे.) मोडीचंही असंच आहे. कागद दप्तरात शाबूत आहे, शाई फिकट झालेली नाही, पण शाळेत मोडी शिकवणं थांबलं आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. फरक एवढाच की मोडी वाचायला माणूस शिकवता येतो. पेजमेकरची संचिका वाचायला अख्खं १९९८ साल पुन्हा उभं करावं लागतं.

ते उभं करण्याची सोय मात्र आहे, आणि ती पेजमेकरपेक्षाही जुनी आहे. एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र असल्याचा भास निर्माण करायचा, ही कल्पना आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) इथल्या प्रयोगशाळेत साठच्या दशकाच्या मध्याला साकारली. एक महागडं यंत्र अनेकांना वापरता यावं, आणि प्रत्येकाला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच आहे, हा हेतू. १९७२ साली व्हीएम/३७० या नावानं ते बाजारात आलं. जुन्याची सोय हा धागाही तितकाच जुना आहे. १९६४ ला आयबीएमनं सिस्टिम/३६० आणली तेव्हा ग्राहकांची १४०१ या जुन्या यंत्रावरची कामं नव्यावर चालावीत म्हणून नव्या यंत्रालाच जुन्याचं सोंग घ्यायला शिकवलं होतं. घरगुती पीसीवर हे सगळं उतरायला १९९९ साल उजाडलं, व्हीएमवेअरनं ते करून दाखवलं. नंतर २००७ ला व्हर्च्युअलबॉक्स आलं, फुकट, आणि आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं.

गंमत म्हणजे खुद्द विंडोज ९८ च्या पोटातही हीच कल्पना आहे. तिच्या गाभ्याचं नाव 'व्हर्च्युअल मशीन मॅनेजर', आणि आपण डॉसची काळी खिडकी उघडायचो तेव्हा ती प्रत्येक खिडकी म्हणजे एक आभासी यंत्रच असायची. म्हणजे आता मी करणार होते ते आभासी यंत्रातलं आभासी यंत्र. मांजराच्या पोटात उंदीर आणि उंदराच्या पोटात दाणा.

दादाच्या दुकानातला संगणक मेडशीच्या घरी माळ्यावर होता. तो सुरू करून पाहायचा मोह सगळ्यांना होतो. करू नये. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेली डिस्क किती वेळ फिरेल याचा भरवसा नसतो, आणि विंडोज सुरू होताना डिस्कवर सतत काहीबाही लिहीत असतं. म्हणून डिस्क बाहेर काढली, ४.३ जीबीची. जुन्या आयडीई जोडणीचं यूएसबीत रूपांतर करणारी केबल मिळते, ती लावली आणि लिनक्सवरून डीडीरेस्क्यू चालवून तिची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घेतली. हे साधन आधी धडधाकट भाग वाचून घेतं आणि रुसलेल्या भागांकडे नंतर पुन्हा पुन्हा जातं. चार-दोन ठिकाणं वगळता सगळं मिळालं. डिस्क परत पिशवीत घालून ठेवली. यापुढचं सगळं काम प्रतीवर. जुन्या कागदांचं काम करणारेही मूळ कागद सारखा हाताळत नाहीत, तसंच.

कोरं विंडोज ९८ टाकून भागणार नव्हतं, कारण पेजमेकरच्या आणि टंकाच्या सीडी कुणाकडेच नव्हत्या. तीच डिस्क आभासी यंत्रात जिवंत व्हायला हवी होती. व्हर्च्युअलबॉक्सला ती प्रतिमा दिली. ढगांचं चित्र आलं आणि लगेच 'विंडोज प्रोटेक्शन एरर'. पडदा काळा.

या त्रुटीचं कारण मला फार आवडतं. विंडोज ९५-९८ च्या काही भागांत संगणकाचा वेग मोजण्याची एक भाबडी रीत आहे. ठरावीक संख्येनं गोल फेऱ्या मारायच्या, किती वेळ लागला ते बघायचं, आणि त्या वेळानं भागायचं. लिहिणाऱ्यांनी तेव्हाचे संगणक डोळ्यांसमोर ठेवले होते. पुढं संगणक इतके वेगवान झाले की फेऱ्या संपायला लागणारा वेळ मोजमापात शून्य भरू लागला. शून्यानं भागायचं कसं? म्हणून यंत्र जागीच थांबतं. ९५ ला हे साधारण ३५० मेगाहर्ट्झच्या एएमडी चिपवर भोवलं, ९८ च्या जाळ्याशी संबंधित भागाला २.१ गिगाहर्ट्झच्या पुढं. म्हणजे आजचा संगणक कमी पडतो म्हणून नव्हे, तर जास्त होतो म्हणून जुनं चालत नाही. म्हाताऱ्या माणसाशी भरभर बोललं की तो गप्प होतो तसं.

यावर दोन उपाय. एक, त्या भागांवर ठिगळ लावायचं. 'पॅचर९एक्स' नावाचं एक साधन एका उत्साही गृहस्थानं लिहून मोफत दिलं आहे. ते फ्लॉपीच्या प्रतिमेवरून चालवलं की वेगाची अडचण जाते, शिवाय अगदी नव्या चिपांवर येणारा स्मृतीच्या पत्त्यांचा आणखी एक घोळही मिटतो. हे केलं, विंडोज उघडलं. मग सुरू झाली 'नवीन हार्डवेअर सापडलं आहे' ची वरात. दर खेपेला नवं यंत्र सापडतं, दर खेपेला विंडोजची सीडी मागतं. इथं नशीब चांगलं होतं: दुकानदारानं तेव्हा सीडीतल्या सगळ्या कॅब संचिका डिस्कवरच उतरवून ठेवल्या होत्या. दर वेळी त्या फोल्डरचा रस्ता दाखवायचा. हे टाळायचं असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधली जुन्या मदरबोर्डाची सगळी पिल्लं आधी काढून टाकावीत, म्हणजे नव्यांशी भांडणं होत नाहीत.

मधेच परवलीचा शब्द विचारणारी चौकट आली. दादाला आठवेना. विंडोज ९८ मध्ये तिथं एस्केप दाबलं की सरळ आत जाता येतं! आपण त्या काळी कसल्या सुरक्षिततेत नांदत होतो याचं राहून राहून हसू येतं.

अडलं ते पडद्यापाशी. सोळा रंग आणि ६४० बाय ४८०, त्यापुढं जाईना, कारण व्हर्च्युअलबॉक्सनं विंडोज ९८ साठी पूरक आज्ञावली कधी दिल्याच नाहीत. एवढ्याशा पडद्यावर पेजमेकरचं पान दिसतं, पण पानाच्या बाजूची जागा नीट पाहणं मुश्कील. आणि मला तर बाजूचीच जागा पाहायची होती.

म्हणून दुसरा उपाय, ८६बॉक्स. हा प्रकार वेगळा आहे. व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्या प्रणालीला तुमच्या खऱ्या चिपवरच पळू देतं, भोवती फक्त कुंपण घालतं. ८६बॉक्स त्या काळातली चिप, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड या सगळ्यांची तंतोतंत नक्कल करतं. हे सोंग अंगावर घ्यायला मेहनत पडते, म्हणून ते हळू चालतं. माझ्या लॅपटॉपचा पंखा जात्यासारखा घरघरत होता आणि आत विंडोज ९८ बैलगाडीच्या वेगानं. पण इथं ते हळूपणच हवं होतं. चिप खरोखरच नव्वदच्या दशकातली असल्यासारखी वागते, भागाकार चुकत नाही, ठिगळ लागत नाही. एस३ ट्रायो हे ग्राफिक कार्ड निवडलं, त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८ मध्ये मुळातच आहे. डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे तेवढे तिच्या पाठीवरच्या लेबलाप्रमाणे भरावे लागतात. ते जुळले नाहीत तर प्रतिमा कितीही शुद्ध असो, यंत्र म्हणतं डिस्कच नाही.

आणि विंडोज उघडलं. दादाच्या दुकानाचं डेस्कटॉप, गणपतीचं चित्र, 'पत्रिका', 'हँडबिल', 'बापू पुस्तक' अशी फोल्डरं.

तरी एक अडसर उरला होताच. मराठी टंकलेखनाच्या आज्ञावलीला एक कुलूप असायचं, प्रिंटरच्या खाचेत खोचायची छोटी डबी. ती नसेल तर कळफलक मराठी उमटवत नाही. आमची डबी केव्हाच हरवली. असती तरी आजच्या लॅपटॉपला ती खाच कुठं आहे? पण टंक हे विंडोजच्या फाँट्स फोल्डरात साध्या संचिका म्हणून पडलेले असतात, त्यांना कुलूप नसतं. म्हणजे त्या यंत्रात आता मराठीचं एक अक्षर लिहिता येत नव्हतं, पण लिहिलेलं सगळं वाचता येत होतं. मला तेवढंच पुरे होतं.

'बापू पुस्तक' मध्ये तीन संचिका निघाल्या. शेवटची कुठली? तारीख पाहावी तर तिन्हींवर १ जानेवारी १९८०. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेली की घड्याळ डॉसच्या जन्मतिथीवर जाऊन बसतं. दुकानात ती कधीतरी मेली आणि कुणी बदलली नाही. तेव्हा इतिहासवाले करतात तेच करावं लागलं, आतला पुरावा शोधणं. एका संचिकेत मुखपृष्ठावर 'मु. पो. मेडशी, जि. अकोला' आहे, दुसऱ्या दोहोंत 'जि. वाशिम'. म्हणजे पहिली १ जुलै १९९८ च्या आधीची? इतकं सरळ म्हणता येत नाही. जिल्हा बदलला तरी लोकांची लिहायची सवय बदलायला वेळ लागतो. आमच्याकडे पुढं कितीतरी वर्षं पत्रं 'जि. अकोला' लिहूनच यायची आणि पोचायचीही. पण पहिल्या संचिकेत वंशावळ दोन पानांवर पसरलेली आहे, पानं एकावन्न भरतात, आणि एका चुलत भावाचा जन्म अजून नोंदलेला नाही. तिन्ही खुणा एकाच दिशेनं बोट दाखवतात. ही सगळ्यात जुनी.

तिच्यात मुली पानावरच आहेत. भावांच्या शेजारी, वयाच्या क्रमानं, आणि नावापुढं 'दिली: पुसद', 'दिली: मेहकर', 'दिली: बाळापूर' अशी नोंद. काकांनी तसंच लिहिलं होतं आणि दादानं तसंच लावलं होतं. दुसऱ्या संचिकेत फर्म्याचा हिशेब आला आणि सगळ्या जणी उजवीकडच्या पेस्टबोर्डावर, एकीखाली एक. तिसरी संचिका, छापायला गेलेली, तिच्यातही त्या तिथंच आहेत. पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, विहिरींचं, दुष्काळाचं, शाळेचं, पानाच्या बाहेर उजव्या हाताला त्या उभ्या दिसतात. मी प्रत्येक पान उलटून पाहिलं. एकोणतीस नावं आहेत.

पुढचं काम सरळ होतं. ती नावं ओढून कोऱ्या पानावर आणली, यादीतला पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटर जोडून कागदाऐवजी संचिकेत छापलं, यंत्र बंद करून डिस्कची प्रतिमा बाहेरून उघडली, आणि घोस्टस्क्रिप्टनं तिची पीडीएफ केली. फ्लॉपी नाही, नेटवर्क नाही, कटकट नाही.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे मात्र अजून चालू आहे. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण टंकाच्या खणांतून अक्षरं उचलताना क्रम उलटसुलट होतो. 'किल्ला' मधली वेलांटी टंकात आधी येते, युनिकोडला ती 'क' नंतर हवी. 'पूर्णा' मधला रफार टंकात 'णा' नंतर येतो, युनिकोडला तो आधी हवा. एवढं बहुतेक साधनं सांभाळतात. जिथं ती हमखास अडखळतात ते अक्षर म्हणजे आपला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. हिंदीला तो लागत नाही, म्हणून कुणी काळजी घेतली नाही. परिणाम असा की काकांच्या सबंध पुस्तकात 'पऱ्हाटी' ची झाली 'पर्हाटी', आणि 'वऱ्हाड' चं सगळीकडे 'वर्हाड'. युनिकोडमध्ये मुळात द्राविडी भाषांसाठी ठेवलेला 'ऱ' आहे, त्याचा पाय मोडला की ही पापणी मिळते. शोधून बदलायचं म्हटलं तरी आंधळेपणानं बदलता येत नाही, कारण 'गर्हा' सारख्या शब्दात रफारच बरोबर असतो. त्यामुळे एकेक शब्द डोळ्याखालून घालते आहे. रोज चार पानं.

यादीची छापील प्रत मेडशीला नेली तेव्हा काकूनं चष्मा लावून ती पुन्हा पुन्हा वाचली. तीन ठिकाणी चुका काढल्या, दोन गावं बदलून दिली. "हे बापूनं उलटं लिवलं. कमळी मेहकरले नाही, कमळी रिसोडले." म्हणजे पहिल्या संचिकेवर सुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. तिच्या दुरुस्त्या मी मूळ नोंदीशेजारी वेगळ्या लिहिल्या आहेत, मूळ नोंद खोडलेली नाही. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मायं नाव कोणच्या झाडावर असन वो?" तिच्या माहेरी कुणी असलं पुस्तक केलेलं नाही. तेव्हा आपल्या वंशावळीत आता सुनांची माहेरंही लिहायची असं दादानं आणि मी ठरवलं आहे. कागदाचा प्रश्न उरलेला नाही.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. एकोणतीसांपैकी एका नोंदीत नावच नाही. पाचव्या पिढीत, पणजोबांच्या पाठची. चौकटीत एवढंच आहे: 'थोरली, दिली: पातूर'. तिन्ही संचिकांत तसंच. काकूलाही आठवत नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. पातूरकडच्या कुणाच्या घरी जुनी पत्रिका, देवघरातला टाक, भांड्यावर कोरलेलं नाव, काहीही असेल तर कळवा. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती, तेव्हा जुन्या घागरी आणि परातींच्या काठांवरही एकदा नजर टाका.